जपानी भुतांची कुलपरीक्षा

जपानी लोक ज्यांना ‘योकाय’ म्हणतात त्यांत भुते येतात, मायावी पशू येतात, इतकेच काय, जुन्या छत्र्याही येतात. एवढ्या परिवारात अस्सल कोण आणि उपरा कोण, हे ठरविण्याची हौस अभ्यासकांप्रमाणे आम्हांसही आहे. मात्र हाती घेतलेली प्रत्येक कसोटी थोड्याच वेळात खाली ठेवावी लागते.

पहिली कसोटी लोकमुखाची. यानागिता कुनिओ यांनी १९१० साली ‘तोनो मोनोगातारी’ प्रसिद्ध केले, ते तोनोकडील सासाकी किझेन या तरुणाच्या तोंडून ऐकलेल्या कथांवरून. त्यांत नदीतला काप्पा आहे, तसेच घरात वावरणारे झाशिकी-वाराशी हे बालभूत आहे. ते निघून गेले की त्या घराण्याचा ऱ्हास ठरलेला. यांच्या अस्सलपणाविषयी शंका नको. उलट चित्रकार तोरियामा सेकिएन याच्या १७७६ च्या संग्रहात बहुतेक परिचित मंडळी दिसतात, पण १७८४ च्या संग्रहातील कित्येक सजीव भांडीकुंडी त्याने शब्दश्लेषांतून स्वतःच घडविली. गाशादोकुरो हा अवाढव्य सांगाडा तर त्याहून अलीकडचा. जन्म विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि रूप उतागावा कुनियोशीच्या एका जुन्या चित्रातून उसने घेतलेले. त्यास प्राचीन म्हणून खपविणे ही निव्वळ लबाडी होय.

मग कागदावरचे सारे बाद करावे काय? तसे केल्यास आमाबिए जाते. १८४६ साली हिगो प्रांताच्या समुद्रात प्रकटून, रोगराई येईल तेव्हा माझे चित्र लोकांस दाखवा, असे सांगणाऱ्या या जलचराविषयी एकच छापील पत्रक ज्ञात आहे. त्याचे नावही ‘आमाबिको’ची चुकीची नक्कल असावी, असे अभ्यासक मानतात. तथापि २०२० च्या साथीत जपानभर लोकांनी ते चित्र काढले, आणि सरकारी आरोग्यखात्यानेही वापरले. ज्याच्याकडे संकटात लोक वळतात, त्यास उपरा म्हणण्यास आम्ही तयार नाही. जन्माचे साल तेवढे लपवू नये.

जन्मभूमीची कसोटी तर त्याहून लंगडी. तिने तेंगूचे नाव चीनला परत करावे लागेल, आणि नऊ शेपट्यांची कोल्हीणही हातची जाईल. जपानी कथेत ही कोल्हीण चीनमध्ये व भारतात राजांना मोहवून मग तामामो-नो-माए बनून सम्राट तोबाच्या दरबारी येते. भारतात तिने भुलविलेला राजपुत्र हान्झोकु म्हणजे, मौज अशी की, आपल्या महाभारतातला कल्माषपाद! अखेरीस नासू येथे तिची शिळा झाली, असे सांगतात. मार्च २०२२ मध्ये ती शिळा दुभंगलेली आढळली, तेव्हा कोल्हीण सुटली की काय, अशी कुजबुज जपानभर झाली.