वेडेवाकडे दात आणि दातांची चुकीची जुळणी: कधी दाखवायचं, काय करायचं

तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांवर किंचित पुढे येऊन बसतात आणि दाढा दाढांवर नीट टेकतात. ही झाली दातांची योग्य जुळणी. ती बिघडली की त्याला दंतव्यंग म्हणतात. या प्रकारांची आजही वापरात असलेली मूळ वर्गवारी अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये केली, तीही पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात ते पाहून. ही दाढ ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा या भागांतून दाखवायला येणाऱ्या बहुतेक पालकांची तक्रार दिसण्याची असते: ‘दात पुढे आहेत’, ‘दातावर दात आला’, ‘मुलगी हसताना तोंडावर हात धरते’. मुलं चिडवतात, मूल हसायचं टाळतं, हे छोटं दुखणं नाही. पण डॉक्टर इतर गोष्टीही पाहतात. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोहोचत नाही, मग कीड लागते आणि हिरड्या सुजतात. फार पुढे आलेले वरचे दात पडझडीत आधी तुटतात. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील तर तिथली हिरडी झिजते. एका बाजूच्या दाढा उलट्या बसत असतील तर मूल जबडा सरकवून चावतं आणि वाढत्या वयात चेहरा एका बाजूला झुकू शकतो.

दंतव्यंग कशामुळे होतं?

काही भाग घराण्यातून येतो. जबडा लहान आणि दात मोठे, खालचा जबडा पुढे, वरचा मागे, हे आजोबांकडून नातवापर्यंत उतरतं आणि ते कुणी टाळू शकत नाही. दुसरा भाग मात्र टाळता येतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलांत तो बराच असतो.

पहिलं कारण दुधाच्या दातांकडे झालेलं दुर्लक्ष. ‘पडणारच आहेत, कशाला भरायचे?’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवतात. सहाव्या वर्षी किडून काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा बुजते आणि चार-पाच वर्षांनी येणारा दात मिळेल तिथून, वेडावाकडा बाहेर येतो किंवा हाडातच अडकतो. म्हणून दुधाची दाढ शक्यतो भरून किंवा रूट कॅनाल करून वाचवायची. काढावीच लागली तर रिकाम्या जागेत तारेची छोटी पट्टी बसवतात. तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. पुढे तारा लावण्याच्या तुलनेत तिचा खर्च फारच कमी असतो.

दुसरं कारण त्या पहिल्या कायमच्या दाढेचं. ती सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गुपचूप. कोणताही दात न पडता ती येत असल्यामुळे घरात कुणाला कळत नाही. पडलेला दात कवेलूवर फेकायचा सोहळाही तिच्या वाट्याला येत नाही! मग ती किडली की पालक म्हणतात, ‘दुधाचीच आहे, काढून टाका डॉक्टर.’ ती दुधाची नाही. ती गेली की पुन्हा येत नाही, आणि सगळी जुळणी तिच्यावर उभी असते. घरी ओळखायची सोपी रीत आहे: जबड्याच्या मध्यापासून एका बाजूला दात मोजा. दुधाचे दात पाचच असतात. सहावा आला असेल तर तो कायमचा. तो आल्याबरोबर दंतवैद्याला दाखवून त्याच्या खोल चिरा सीलंटने भरून घेतल्या तर कीड लागण्याची शक्यता बरीच कमी होते.

सवयींचंही तसंच. अंगठा चोखणं तीन-चार वर्षांपर्यंत चालतं, बहुतेक मुलं आपोआप सोडतात. पाच-सहा वर्षांनंतरही चालू राहिलं तर वरचे दात पुढे येतात, वरचा जबडा अरुंद होतो आणि तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत फट राहते. अंगठ्याला मिरची किंवा कडूनिंब लावणं, चारचौघांत ओरडणं, याचा उपयोग होत नाही. मूल भीतीत किंवा कंटाळ्यात असतं तेव्हा अंगठा तोंडात जातो, त्यामुळे मारल्यावर तो जास्तच जातो. झोपताना हातात मऊ कपडा द्या, अंगठ्याविना गेलेल्या दिवसांची खूण कॅलेंडरवर करू द्या. सहाव्या वर्षानंतरही सुटत नसेल तर दंतवैद्य टाळूला सवय मोडणारी तार बसवतात.

मूल झोपेत तोंड उघडं ठेवतं, घोरतं, सतत सर्दी असते, असं असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे मूल तोंडाने श्वास घेत असेल तर श्वासाचा मार्ग मोकळा केल्याशिवाय नुसत्या तारांनी काम टिकत नाही. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. पुढचे चारही दात काळे पडलेली दोन वर्षांची मुलं आम्हाला अजूनही दिसतात.

काळजी न करण्यासारख्या दोन गोष्टी

सहा-सात वर्षांच्या मुलाला खालचा कायमचा दात दुधाच्या दातामागे आला आणि दोन ओळी दिसू लागल्या की घरात धावपळ होते. दुधाचा दात हलत असेल तर थांबा. तो पडल्यावर जीभ मागच्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. हलतच नसेल तर काढून घ्या.

तसंच आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसते. वरचे सुळे उतरताना ती बहुतेक वेळा आपोआप मिटते. या वयात नुसत्या फटीसाठी घाईने तारा लावायची गरज नसते.

इथे एक धोका सांगायलाच हवा. ही फट मिटवण्यासाठी दोन दातांना बारीक रबर गुंडाळायचं, असले व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि मुलं ते करून पाहतात. रबर दातावरून घसरून हिरडीखाली शिरतं, दिसेनासं होतं आणि मुळाच्या टोकाकडे सरकत आजूबाजूचं हाड खातं. दात लांब दिसू लागतात, हलू लागतात. निरोगी, न किडलेले पुढचे दोन दात या एका रबरापायी गेल्याच्या नोंदी दंतवैद्यकात आहेत. असं काही केल्याचं कळलं तर रबर ‘पडलं असेल’ असं धरून चालू नका. त्याच दिवशी दाखवा. ते एक्स-रेमध्ये दिसेलच असं नसतं, म्हणून रबर लावलं होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

कोणत्या वयात दाखवायचं?

सातव्या वर्षापर्यंत एकदा दातांची जुळणी तपासून घ्यावी. म्हणजे सातव्या वर्षी तारा लावायच्या असं नाही. बहुतेक मुलांना ‘वर्षाने या’ एवढंच सांगितलं जातं. पण काही व्यंगांना ठरावीक वेळच असते. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील आणि हनुवटी पुढे दिसत असेल तर साधारण सात ते दहा वर्षांच्या वयात फेसमास्कने वरचा जबडा पुढे आणता येतो. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखं उपकरण उंची झपाट्याने वाढते त्या काळात उपयोगी पडतं. मुलींत तो काळ साधारण दहा ते बारा, मुलांत बारा ते चौदा वर्षांचा. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर तो काळ बराचसा सरलेला असतो.

दात कोणत्याही वयात हलवता येतात, जबड्याची वाढ मात्र त्या वयातच वळवता येते. पालक लग्नाचं वय होईपर्यंत थांबतात आणि मग ‘चार महिन्यांत सरळ करून द्या’ म्हणून येतात तेव्हा आमच्या हातात दोनच मार्ग उरतात: दात हलवून व्यंग झाकणं, किंवा वाढ संपल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया.

उपचार कसे होतात?

आधी ओपीजी एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो. हे न करता कुणी थेट तारा चिकटवत असेल तर थांबा आणि विचारा. ब्रेसेसचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागतं. पहिले चार-पाच दिवस आणि प्रत्येक वेळी तार बदलल्यावर दात दुखतात. त्या दिवसांत वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर द्या. पारदर्शक अलायनर दिसत नाहीत, पण ते दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात आणि महाग असतात. सगळ्याच व्यंगांना ते चालत नाहीत.

दाटी फार असेल तर डॉक्टर दोन किंवा चार लहान दाढा काढायला सांगतात. इथे घरातली मोठी माणसं अडून बसतात, कारण ‘वरची दाढ काढली की डोळे जातात’ ही भीती आपल्याकडे घट्ट आहे. दाताची नस आणि डोळ्याची दृष्टीची नस वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. दात काढण्याऐवजी दुसरा पर्याय आहे का, हे मात्र जरूर विचारावं. तो प्रश्न रास्त आहे.

तारा असताना ऊस दाताने सोलणं, बोरं, चिक्की, कडक रोडगे, भाजलेले चणे-फुटाणे बंद. पेरू चावून न खाता फोडी करून खा. हुरडा चालतो, पण नंतर ब्रश करायलाच हवा, कारण दाणे तारेत अडकतात. फ्लोराइडची टूथपेस्ट दोन वेळा आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश रोज. हे केलं नाही तर तारा काढल्यावर दात सरळ असतात आणि प्रत्येक दातावर पांढरा चौकोनी डाग असतो. खर्रा, गुटखा खाणाऱ्या तरुणांचं तोंडच पुरेसं उघडत नाही. सुपारीने तोंडातली त्वचा आखडते, आणि तो आजार तारांच्या आधी दाखवायचा आहे, कारण त्यातून कर्करोगही होऊ शकतो.

मोठ्या वयात

चाळिशीनंतर पुढच्या दातांत नव्याने फट पडली, दात पुढे झुकू लागले, तर ते बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजारामुळे असतं. आधी रक्तातली साखर तपासा आणि हिरड्यांचे उपचार करा. हिरडी सुजलेली असताना दात हलवले तर ते गमावण्याचीच वेळ येते. काढलेल्या दाढेची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली की शेजारची दाढ आडवी होते आणि समोरची लांबत येते. दाढ काढली की त्या जागी काय बसवायचं हे तेव्हाच ठरवा. अक्कलदाढ मात्र उगाच बदनाम आहे. केवळ पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून ती काढायची गरज नसते.

कुठे जायचं?

आधी जवळच्या दंतवैद्याकडे. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर दंत विभाग कोणत्या दिवशी असतो ते फोनवर विचारून निघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतं. दात आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्यांच्या तपासणीत असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

तारांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दंतव्यंगोपचारतज्ज्ञ हवा. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस शिक्षण याच विषयात झालेलं असतं. पदवी आणि नोंदणी विचारायला संकोच नको. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयं पाहा: अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं शरद पवार दंत महाविद्यालय आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. चांदूरहून बडनेऱ्याकडे गेलं तर अमरावती, धामणगाव-पुलगावकडे गेलं तर वर्धा आणि पुढे नागपूर, एकाच रेल्वेमार्गावर. फी ठरवताना जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडणारी मजुरी हिशेबात धरा. वीसेक फेऱ्या होतात. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांत अशा हिशेबात चुकलेलीच घरं जास्त असतात. दहावी-बारावीनंतर मूल पुण्याला किंवा नागपूरला शिकायला जाणार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. मधेच जावं लागलं तर एक्स-रे, साचे आणि केलेल्या कामाची नोंद मागून घ्या.

दात पडला तर

पुढे आलेले दात खेळताना मुळासकट बाहेर येतात. कायमचा दात असेल तर तो मुळाला न धरता वरच्या भागाला धरा, पाण्याने हलका धुवा, घासू नका, आणि त्याच खाचेत परत बसवा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे न्या. अर्ध्या तासाच्या आत बसला तर जगण्याची आशा चांगली, तासानंतर झपाट्याने कमी होते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

तारा काढल्यानंतर

दातांना जुन्या जागी परतायची सवय असते, म्हणून रिटेनर घालावा लागतो: सुरुवातीला डॉक्टर सांगतील तेवढे महिने जवळजवळ दिवसभर, नंतर कित्येक वर्षं रात्री. रिटेनर गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. कागदात गुंडाळून ताटाजवळ ठेवू नका, खरकट्यासोबत फेकला जातो. त्याची डबी असते. हरवला किंवा तुटला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आठवडाभरात नवा करून घ्या. महिनाभर थांबलात तर तो बसण्याआधीच दात सरकलेले असतात आणि पुन्हा तारा लावाव्या लागू शकतात.