'ऑन'ची गोष्ट

२०२२ च्या दिवाळीत थोरल्या बहिणीकडे बऱ्हाणपूरला गेलो होतो. ताई लग्न होऊन तिथं गेली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. रावेर मागं पडलं की मध्य प्रदेश लागतो, पण बाजारात मराठी कानावर पडतच राहते. गोव्याहून येणाऱ्याला तेवढाच दिलासा!

घरात दिवाळीपेक्षा गाडीचीच चर्चा जास्त. भावोजींनी दहा महिन्यांपूर्वी नवी मोटार बुक केली होती. आता शोरूममधून फोन आला होता : गाडी आलीय, पण साठ हजारांच्या ॲक्सेसरीज घ्याव्या लागतील, विमा आमच्याकडूनच, शिवाय हँडलिंग चार्जेस. जमत नसेल तर गाडी पुढच्या नंबरवाल्याला जाईल. भावोजी मास्तर माणूस, आयुष्यात पहिलीच नवी गाडी. ते गप्प बसले होते आणि मी मात्र तावातावानं बोलत होतो. ही लूट आहे, हा सरळसरळ 'ऑन' आहे, वगैरे वगैरे.

'ऑन' हा शब्द आजच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. छापील किमतीच्या वर, पावतीशिवाय, वस्तू लवकर मिळावी म्हणून द्यायची रक्कम म्हणजे ऑन. आमच्या लहानपणी हा शब्द घराघरांत होता.

दुसऱ्या दिवशी शाही किल्ला पाहायला गेलो. तापीच्या काठावर उभं राहिलं की इतिहास आपोआप आठवतो. १६३० मध्ये शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथं येऊन राहिला. जून १६३१ मध्ये मुमताज महल इथंच वारली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवसांत गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. १६३० चा पाऊस गेला आणि पुढची दोन वर्षं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तिकडं माळव्यात धान्य होतं. ते वाहून आणणारे बंजाऱ्यांचे तांडेही होते. पण तांडे आधी बऱ्हाणपूरच्या शाही छावणीकडं वळत, कारण फौजेचा नंबर पहिला. बादशहानं लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असं दरबारी इतिहासात नोंदलेलं आहे. पण धान्यच नसेल तिथं रुपया किती पुरणार?

भुकेची आणि मोटारीची तुलना मला करायची नाही, ते पाप होईल. पण टंचाईचा एक नियम मला त्या किल्ल्यात जाणवला. वस्तू कमी पडली की किंमत हा दुसरा प्रश्न होतो. पहिला प्रश्न असतो, रांग कोण लावतो?

स्वतंत्र भारतात मोटारींची रांग सरकारनं लावली. हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढाच काय तो बाजार. किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवी. १९५९ मध्ये मोटारींच्या आणि १९६० मध्ये स्कूटरच्या वाटपावर नियंत्रण आदेश निघाले. हेतू चांगला होता. विक्रेत्यानं मनाला येईल तो भाव लावू नये, नोंदणीच्या क्रमानं गाडी मिळावी, सरकारी कामासाठी कोटा असावा. पण १९८० च्या सुमारासही देशात वर्षाला तीसेक हजारच मोटारी बनत होत्या. बजाजच्या स्कूटरसाठी तर लोक दहा-दहा वर्षं थांबत. किंमत कागदावर बांधलेली आणि वस्तू अपुरी, म्हणजे मधला फरक कुणाच्या तरी खिशात जाणारच. कधी तो विक्रेत्याच्या खिशात गेला, कधी दलालाच्या, तर कधी ज्याचा नंबर लागला त्याच्या.

आपल्या गोव्याचा तर वेगळाच अनुभव. पोर्तुगीज आमदानीत आयात मोकळी होती. खाणीचा आणि परदेशातल्या गोंयकारांचा पैसा येत होता, त्यामुळे रस्त्यावर परदेशी मोटारी दिसत. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि आपण देशाबरोबर त्याच रांगेत जाऊन उभे राहिलो. (मुक्तीची किंमत म्हणून ही अगदीच किरकोळ!) पुढं रांगेला एक चोरवाट निघाली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे. ज्याच्या घरात कोणी बोटीवर किंवा आखातात, त्याच्या दारात स्कूटर आधी. आमच्या घरात कोणीच बोटीवर नव्हतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. दहा हजार रुपये भरून लोकांनी नंबर लावले होते आणि त्या नंबरांवरही ऑन चालू झाला. १९९३ मध्ये मोटारींसाठीची परवाना पद्धत गेली, नव्या कंपन्या आल्या आणि काही वर्षांत विक्रेतेच सवलती देऊन गिऱ्हाइकाला बोलवू लागले. ऑन कुठल्या कायद्यानं मेला नाही. गाड्या भरपूर झाल्या म्हणून मेला.

मग कोविडनंतर सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा झाला आणि तो पुन्हा उठून बसला. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची पहिली पंचवीस हजार बुकिंगं ५७ मिनिटांत झाली. अमेरिकेत काही डीलर छापील किमतीवर उघड हजारो डॉलर चढवू लागले. आपल्याकडं तीच रक्कम मॅट, सीटकव्हर आणि विम्याच्या नावानं बिलात शिरली. फरक एवढाच की आता ऑनची पावती मिळते.

हे सगळं संध्याकाळी मी भावोजींना ऐकवत होतो. ताई करंज्या तळत होती. तिथूनच म्हणाली, "आणि आपल्या घरावरची कौलं कुठून आली रे?"

मी एकदम गप्प झालो.

बाबा पणजीत एका कचेरीत कारकून होते. सत्तरच्या दशकात त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता. १९८४ च्या सुमारास तो लागला. मी चार वर्षांचा, ताई बारा वर्षांची. तिला सगळं आठवतं. स्कूटर बाबांच्या नावावर उतरली आणि उभी राहिली दुसऱ्याच्या अंगणात. मधल्या मुदतीत विकायला बंदी, म्हणून कागद बाबांचे आणि गाडी त्या गृहस्थांची. बाबांना जो ऑन मिळाला तो त्यांच्या सहा महिन्यांच्या पगाराइतका होता. त्या पावसाळ्याआधी आमच्या घरावर नवी कौलं चढली. बाबा निवृत्त होईपर्यंत कदंबच्या बसनंच कचेरीत गेले.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते कधी 'ऑन' या शब्दाबरोबर ठेवून पाहिलं नव्हतं. घरात त्याला 'स्कूटरचे पैसे' म्हणत.

मग बाबा आणि तो शोरूमवाला एकच का? रात्रभर विचार केला. रांग बाबांनी लावली नव्हती, ती अडवूनही धरली नव्हती. आठ-नऊ वर्षं थांबून मिळालेला हक्क गळक्या छपरासाठी विकला, एवढंच. शोरूमवाल्याकडं भावोजींचाच नंबर होता आणि तो त्यांनाच विकत होता. हा फरक मला मोठा वाटतो. पण त्या वेळी बाबांच्या मागं रांगेत उभा असलेला कुणी कारकून असेल, त्याला तो तितका मोठा वाटला असता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दिवाळीनंतर भावोजी आणि मी शोरूमला गेलो. मी कचेरीतला माणूस, मला एकच विद्या येते. म्हटलं, प्रत्येक रक्कम कशाची ते लेटरहेडवर लिहून, सहीशिक्क्यानिशी द्या. विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो, तेव्हा तो आम्ही बाहेरून घेणार. बुकिंगची मूळ पावती टेबलावर ठेवली. हँडलिंग चार्जेस कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा ते गेलेच. ॲक्सेसरीज साठावरून अठरा हजारांवर आल्या. त्याखाली काही तो उतरेना. भावोजी म्हणाले, "पुरे आता, घेऊन टाकू." पोरं घरी वाट पाहत होती. मीही मग ताणलं नाही.

गाडी घेऊन घरी आलो तेव्हा ताईनं ओवाळलं, नारळ फोडला. मला म्हणाली, "बाबा असते तर पुढच्या सीटवर बसवलं असतं."

गोव्याला परतल्यावर पहिल्या पावसात घराची दोन-तीन कौलं बदलावी लागली. बाबा असेपर्यंत हे काम कधी गड्याला सांगत नसत, शिडी लावून स्वतः वर चढत. का, ते आता थोडंफार कळतं.