मरीआईचा गाडा : साथनिवारणाच्या एका लोकपरंपरेचा विचार

मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांचा संगम ज्या प्रदेशात झाला आहे, त्या सोलापूर परिसराच्या ग्रामदैवतांत मरीआईचे स्थान विशेष आहे. तिचे ठाणे बहुधा गावाच्या कडेला, वेशीबाहेर असते. पटकीची साथ ही तिच्या कोपाची खूण मानली जाई. ‘जरीमरी’ हा शब्द तर रोग आणि देवता या दोहोंचाही वाचक आहे. ‘मरी’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘मारी’शी, म्हणजे साथीच्या मृत्यूशी, जोडला जातो, तमिळमध्ये मात्र ‘मारी’ म्हणजे पाऊस. व्युत्पत्तीचा निर्णय काहीही होवो, हे दोन्ही अर्थ आषाढात एकत्र येतात, आणि मरीआईच्या पूजेचा मुख्य महिनाही आषाढच होय.

हा योगायोग नव्हे. पहिल्या पावसाने गावातील घाण विहिरी-ओढ्यांत उतरते आणि पटकीला वाट मिळते. रॉबर्ट कॉख याने १८८३-८४ मध्ये या रोगाचा जंतू निश्चित केला. परंतु रोगाचा ऋतू लोकांना त्यापूर्वीच अनुभवाने ठाऊक झाला होता. बाली बेटावरही नुसा पनिदाचा जेरो गदे मचालिंग पावसाळ्याच्या सुमारास रोगराई घेऊन येतो, अशी श्रद्धा आहे. दूरदूरच्या समाजांनी ऋतुज्ञान दैवतकथेच्या रूपाने जपले, असे यावरून दिसते.

निवारणाचा प्रमुख विधी म्हणजे मरीआईचा गाडा. लाकडी गाड्यात देवीची प्रतिमा, हिरवा चुडा, लिंबू व नैवेद्य ठेवून तो वाजतगाजत शिवेपलीकडे नेला जाई. पुढील गावाने तो आपल्या शिवेबाहेर पोचवावा, असा संकेत होता. भयग्रस्त गावाला त्यामुळे एकत्र कृती करण्याचे धैर्य लाभे. परंतु या उपायात रोग नाहीसा होत नसे, तो शेजाऱ्याच्या शिवेत लोटला जात असे, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

याउलट काही आचारांत प्रत्यक्ष संरक्षणाची शक्ती होती. देवी आलेल्या घराच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधीत. त्या घरी परक्याने जाऊ नये, अशी मर्यादा असे. श्रद्धा शीतळेची होती, तरी परिणाम विलगीकरणाचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवून पुढे दख्खनमध्ये पसरला, तेव्हा उंदीर मरून पडू लागताच घर सोडून माळावर झोपडी घालण्याची रीत रूढ झाली. उंदरावरील पिसू रोग वाहते, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखविले. पण ते मान्य होण्यास काही वर्षे लागली. मात्र १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर पुण्यात झालेल्या सक्तीच्या झडत्यांनी लोकांत संताप उसळला. उपाय योग्य असूनही विश्वासाविना तो निष्फळ ठरतो, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

या परंपरेची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. मरीआईची सेवा प्रायः महारांकडे आणि पोतराजाचे व्रत बहुधा मांग समाजाकडे असे. मृत्यू गावाबाहेर नेण्याचे काम, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्यावरच सोपविलेले होते. पोतराज आसुडाचे फटके स्वतःच्या अंगावर ओढून घेई; गावाचे भय त्याच्या देहावर उमटे. साथीच्या दिवसांत या समाजांना मान मिळे, पण साथ ओसरताच अस्पृश्यता पूर्ववत् राही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी मरीआईचे देव्हारे सोडले. हा केवळ उपासनेतील बदल नव्हता. गावाने लादलेल्या भाराचा तो नकार होता.

म्हणून लोकपरंपरेतील शहाणपणाचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न एकाच वेळी विचारणे अगत्याचे ठरते : तिने कोणते निरीक्षण जतन केले, आणि त्या निरीक्षणाची किंमत कोणाकडून वसूल केली? आषाढी वारीच्या पालख्या २०२० मध्ये मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. त्या वेळी श्रद्धेने स्वतःलाच मर्यादा घालून घेतली. शेजारच्या शिवेत काहीही लोटले नाही. गाडा आणि ही पालखी यांमधील अंतर हेच या इतिहासाचे सार होय.