उदासीनता कोणाची?

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की आपल्या जुन्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : विद्येची ओढ मुळात रक्तातच असावी लागते. या समजुतीचा इतिहास तपासून पाहावा असे आम्हांस वाटते.

पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला तालुका. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडीच्या चाकरीनिमित्त या बाजूस आले. दौत-लेखणी घरातच असल्याने मुलाच्या हाती पाटी कोणी द्यावी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. या आघाडीलाच पुढे आपण संस्कार म्हणू लागलो.

आता सयाजीराव महाराजांचेच उदाहरण घ्यावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, शेतकऱ्याघरचा गोपाळ १८७५ साली दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि त्यास अक्षरओळखही नव्हती. शिक्षक मिळाले, सवड मिळाली, आणि त्याच मुलाने राजा झाल्यावर १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सोनगडला १८८५ च्या सुमारास आदिवासी मुलांसाठी वसतिगृहही निघाले. शाळा आणि भाकरी एका ठिकाणी आणल्याखेरीज रानातले मूल शिकणार नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होते.

आजही पलसाणा तालुक्यात चलथाणचा साखर कारखाना सुरू झाला की डांग आणि खानदेशातून तोडणीची कुटुंबे मुलांसह येतात. खानदेशची माणसे तर आपल्याच मुलखातली. आपली नातवंडे सराव परीक्षा देतात त्या महिन्यांत ही मुले कोप्यांत धाकटी भावंडे सांभाळतात. उन्हाळ्यात गावी परतेपर्यंत वर्ष बुडालेले असते. माध्यमिक शाळेचा उंबरा त्यांतील किती ओलांडणार?

शासकीय सेवेत असताना शाळा सोडलेल्या मुलांच्या तक्त्यात कारणाच्या रकान्यात ‘पालकांची उदासीनता’ हे दोन शब्द आम्हीही निमूटपणे लिहिले आहेत. रकाना भरे, चौकशी टळे. आज त्याची खंत वाटते.

संस्कारांचे मोल आम्ही नाकारीत नाही. दिवेलागणीस मुलाला अभ्यासाला बसविणाऱ्या आईची थोरवी मोठीच. परंतु तिला ती वेळ मोकळी मिळावी लागते. कवळाण्याच्या गोपाळाची बाराव्या वर्षी कोणी नोंद केली असती, तर त्याच्याही नावापुढे तेच दोन शब्द पडले असते.