'लोटपोट'मधून फुरफुरीनगरात

जुन्या चित्रकथांतील पात्रांच्या पुनर्जन्माची चर्चा निघाली की आपल्याकडे दाखले हटकून अमेरिकेचे दिले जातात. मुंबईत घडलेल्या 'मोटू-पतलू'ची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली आम्हांस दिसत नाही. ही जोडी मूळची दिल्लीच्या 'लोटपोट' या १९६९ साली निघालेल्या हिंदी बालनियतकालिकातली, कृपाशंकर भारद्वाज यांच्या कुंचल्यातून उतरलेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये केतन मेहता व दीपा साही यांच्या 'कॉसमॉस-माया' संस्थेने तिला त्रिमित देह देऊन 'निकलोडियन' वाहिनीवर आणले. दिग्दर्शक सुहास कडव.

चित्रकथेत वेग वाचकाच्या हाती असतो. हसू दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत फुटते. सुमारे अकरा मिनिटांच्या भागाला ती मोकळीक नाही. त्याला रोज जमण्यासाठी एक अड्डा लागतो. म्हणून फुरफुरीनगर आले, चहा-सामोशांचे दुकान आले, इन्स्पेक्टर चिंगम आणि जॉन आले. घसीटाराम कशातही वीस वर्षांचा अनुभव सांगणार आणि उपाशी मोटूचे डोके चालणार नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. नवे काही घडण्यापेक्षा ठरलेले पुन्हा घडण्यातच या प्रकाराची गंमत आहे. मात्र फुरफुरीनगर नकाशावर कुठेच नाही. चिंगमच्या दाक्षिणात्य हेलातून जो काही प्रदेश ऐकू येतो तेवढाच. चिमणराव-गुंड्याभाऊ दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने आले तेव्हा चिं. वि. जोश्यांचे पुणे सोबत आले होते. देशभर खपणाऱ्या मालिकेला असे पुणे परवडत नसावे.

याच २०१२ साली मराठीनेही आपले लाडके पात्र पडद्यावर नेले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज भेटत होता. श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला, पण हाडामांसाचा मुलगा घेऊन. आमच्या मते इथे काहीतरी निसटले. वर्षानुवर्षे तेवढ्याच वयाचा राहणे हा चिंटूचा प्राण. ते रेषेला जमते, वाढत्या वयाच्या बालनटाला कसे जमावे? विनोदाच्या नजाकतीत चिंटू मोटू-पतलूंपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि तरीही न वाढण्याची सोय मिळाली ती त्यांना. २०१३ चा 'चिंटू २' देखील नटांचाच होता. मोटू-पतलू २०१६ साली 'किंग ऑफ किंग्ज' या चित्रपटात पोचले, तेव्हाही दिग्दर्शक कडवच होते आणि दोघांच्या वयात एका दिवसाचाही फरक पडलेला नव्हता.