अंगावरून वारं गेलं

आमच्या तासगावकडे पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' म्हणायचे. दोष वाऱ्याचा, म्हणून तेल चोळायचं नि वाट बघायची. घड्याळाकडे बघायचं कुणाला सुचणार?

1995 साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध 3 तासांत दिलं तर अपंगत्व टळण्याची शक्यता वाढते. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. आणि आपल्याकडे? गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतले मृत्यू तपासले. सातातला एक पक्षाघाताचा! त्यातले बहुतेक घरीच गेले.

महाराष्ट्रात 108 ची गाडी 2014 पासून आहे. पण रुग्णाला न्यावं ते सीटी स्कॅन असेल तिथेच. गुठळी की रक्तस्राव, हे त्याशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात हेच औषध जिवावर बेततं.