मॅट्रिकचा उंबरठा

पेशवाईत विद्वत्तेची परीक्षा श्रावणमासी पुण्यात होत असे. दूरदूरचे शास्त्री व वैदिक तेथे जमत आणि योग्यतेनुरूप दक्षिणा घेऊन परत जात. परीक्षा सारी मुखाची. कागद नाही, गुणांक नाहीत. ती ब्राह्मणांपुरतीच होती, हे मात्र विसरता कामा नये. पुढे पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा घेणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली, की परीक्षा मागे पडून दानधर्म तेवढा उरला.

1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तीत उत्तीर्ण झाले. 1862 साली जे पहिले चार बी. ए. झाले त्यांतही हे दोघे होते. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे. ही शाळेची परीक्षा नव्हेच. कॉलेजात शिरू पाहणाऱ्याने ओलांडावयाचा तो उंबरठा होय.

परंतु सरकारी कचेऱ्यांस कारकून हवे होते, आणि उमेदवार पारखण्यास हेच माप त्यांच्या हाती आयते आले. मग ज्यांस कॉलेजचे तोंडही पाहावयाचे नव्हते अशी मुले त्या उंबरठ्यावर येऊन बसू लागली. गणितात हुशार, संस्कृतात हुशार, पण इंग्रजीत अडखळला, की तो मुलगा साऱ्याच परीक्षेत नापास! सात वर्षांची विद्या पुसली जाऊन कपाळी ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द तेवढा उरे. परीक्षा एका कामाची आणि तिने न्याय करावयाचा भलत्याच कामाचा, हा तो अन्याय होता. मराठी शाळेतून व्हर्नाक्युलर फायनल झालेल्यास निदान प्राथमिक शिक्षकाची जागा मिळण्याची आशा असे. आणि खेड्यात ‘फायनल झालेला’ म्हटले की चार माणसे त्याजकडून पत्र वाचून घेण्यास येत.

ही चूक उमगण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. 1948 साली मुंबई प्रांताने माध्यमिक शालान्त परीक्षेचा कायदा केला, आणि 1949 पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. ‘शालान्त’ या शब्दातच सर्व काही आहे: शाळा संपली, एवढेच ती सांगते. 1966 साली महाराष्ट्राचे राज्य मंडळ सुरू झाले. 1975 साली अकरावीऐवजी दहावीची परीक्षा आली. लोकांच्या तोंडी मात्र ‘मॅट्रिक’ पुष्कळ वर्षे राहिली, आणि नोकरीच्या जाहिरातींतूनही ती सहजासहजी हलली नाही.

एका विषयापायी वर्ष गमावण्याची जुनी धास्ती अलीकडे पुष्कळ ओसरली आहे. एकदोन विषय राहिले तरी अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो. आणि 2015 पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांस त्याच वर्षी, पावसाळ्यात, पुन्हा परीक्षेस बसता येऊ लागले.